ग्रंथपालाची शिफारस आणि काशीचे चित्रपट

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचक येतो आणि विचारतो, "काशीविषयी काही चांगले वाचावयाचे आहे, काय देता?" अनुभवी ग्रंथपालाला या प्रश्नाचे उत्तर अवघड जात नाही. स्कंदपुराणातील काशीखंडापासून अलीकडच्या प्रवासवर्णनांपर्यंतची सारी ओळ त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. वाचकाचे वय, त्याची भाषा आणि त्याची जिज्ञासा ध्यानी घेऊन तो कपाटातून दोन पुस्तके काढतो आणि त्याच्या हाती ठेवतो. परंतु हाच प्रश्न थोडा पालटून कोणी विचारला, "काशीवरचे कोणते चित्रपट पाहावेत, आणि ते येथे मिळतील काय?" तर तोच ग्रंथपाल क्षणभर थबकतो. कोणते पाहावेत हे तो कदाचित सांगू शकेल. ते मिळतील की नाही, हे सांगणे मात्र त्याच्या हाती नसते. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक शोधल्यास बहुधा सापडते. शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट बहुधा सापडत नाही. असे का व्हावे, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी कोणी काय केले, हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातील एक दुर्लक्षित अध्याय आहे.

या अध्यायाच्या आरंभी काशी यावी यात नवल नाही. आपल्या देशाच्या कथाचित्रपटाने पहिले पाऊल टाकले तेच मुळी काशीच्या स्मशानभूमीत. दि. ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कोरोनेशन सिनेमागृहात धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. विश्वामित्राच्या दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात पत्नीला, पुत्राला आणि शेवटी स्वतःला विकणारा, डोमाचा चाकर होऊन प्रेतावरचा कर गोळा करणारा, आणि पोटच्या पोराचे प्रेत घेऊन आलेल्या तारामतीकडेही तो कर मागणारा राजा कोणाला ठाऊक नाही? काशीचा हरिश्चंद्र घाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. फाळक्यांनी दादरला नेपथ्य उभारून ही कथा चित्रित केली. स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने तारामती केली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

चार रिळांच्या या चित्रपटातील पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आज उपलब्ध आहेत. मधली दोन नाहीत. जी आहेत तीही १९१३ सालची नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या कृतीपासून एका प्रचंड उद्योगाचा आणि एका नव्या कलेचा आरंभ मोजला जातो, तिची ही अवस्था आहे.

फाळक्यांच्या चरित्रात आणि ग्रंथालयाच्या इतिहासात एक समान धागा आहे, तो बडोद्याचा. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ सालचा, कवळाण्याचा. दोघेही नाशिक जिल्ह्याचेच. सयाजीरावांच्या बडोद्यातील कलाभवनात फाळक्यांनी कलेचे धडे घेतले आणि कॅमेऱ्याशी त्यांचा स्नेह जुळला. याच महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. आणि शाळेत मिळालेले अक्षरज्ञान पुढे गंजून जाऊ नये, म्हणून गावोगाव ग्रंथालये काढण्याचे ठरविले. त्यासाठी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डेन तेथे तीन वर्षे होता. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याला जोडलेली नगरांची व खेड्यांची ग्रंथालये, आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके अशी सारी रचना त्या काळात उभी राहिली.

परंतु बडोद्याच्या ग्रंथालय खात्याचे खरे वेगळेपण पुस्तकांच्या पलीकडे होते. या खात्यात दृश्यशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. जादूचे कंदील, काचेवरील चित्रे, दुहेरी चित्रांतून खोलीचा भास घडविणारी स्टिरिओस्कोप यंत्रे आणि चलच्चित्रे दाखविण्याची साधने तिच्या संग्रही होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशांसाठी या शाखेची माणसे गावात जाऊन विनामूल्य खेळ करीत. यामागील विचार साधा होता, पण त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. ग्रंथालय म्हणजे केवळ छापील कागदांचा साठा नव्हे; ज्ञान आणि रंजन ज्या ज्या रूपाने माणसापर्यंत पोहोचू शकते, ती सारी रूपे ग्रंथालयाच्या कक्षेत येतात, असे या राज्याने गृहीत धरले होते. चित्रपटाकडे सुशिक्षित मंडळी जत्रेतील करमणूक म्हणून पाहत असताना एक देशी संस्थान त्याला पुस्तकाच्या पंक्तीस बसवीत होते.

मात्र त्या संग्रहाचा हेतू शिक्षणाचा होता. कथाचित्रपटही जपून ठेवावेत, ही कल्पना तेव्हा जगातही फारशी कोणाच्या मनात नव्हती. ती रुजावयास १९३० नंतरची वर्षे उजाडावी लागली. लंडन आणि न्यूयॉर्क येथे १९३५ साली चित्रपट-संग्रह करणारे विभाग निघाले, आणि त्या दोहोंच्या नावांत 'फिल्म लायब्ररी' हेच शब्द होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्रपटाचा संग्रह हे ग्रंथालयाचेच काम आहे, असे त्या संस्थापकांना वाटत होते.

इकडे फाळके तोवर कीर्तीच्या शिखरावर जाऊन खाली उतरले होते. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' या चित्रपटांनी अमाप लोकप्रियता मिळविली; पण नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचे पटेना. तेव्हा, १९१९ च्या सुमारास, सारे सोडून हा गृहस्थ सहकुटुंब काशीस जाऊन राहिला. मराठी माणसाने संसाराला विटून काशीचा रस्ता धरावा, ही आपली जुनीच रीत. फाळक्यांनी तेथे गंगेकाठी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याविषयी आग्रह धरला, तेव्हा चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, असे उत्तर काशीहून आले. कोल्हटकरांनी हे उत्तर फाळके वारल्याच्या मथळ्याखाली छापले आणि एकच खळबळ उडाली. वाचकांची पत्रे आली, ती फाळक्यांकडे गेली, आणि अखेर ते नाशिकला परतले. 'रंगभूमी' नाटक १९२२ साली रंगमंचावर आले. ज्या नगरीतील स्मशान त्यांनी पडद्यावर आणले होते, त्याच नगरीत त्यांनी स्वतःच्या कलाजीवनाचे पाणी सोडावयाचे ठरविले होते. लोकांच्या मागणीने मात्र त्यांना परत आणले. पुढे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

फाळके काशीत असताना त्याच नगरीत एक ग्रंथालय वाढत होते, आणि त्याच्या पायातही मराठी हात होते. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाचा आरंभ १९१७ साली झाला, तो न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव प्रा. पां. का. तेलंग यांनी दिलेल्या ग्रंथसंग्रहाने. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या या विद्वान न्यायमूर्तींच्या नावातच काशिनाथ होता. त्यांची पुस्तके काशीस विसावली, हा योग मोठा सुंदर आहे. पंडित मदनमोहन मालवीय १९३१ सालच्या गोलमेज परिषदेहून परतले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासारखी वास्तू विश्वविद्यालयास असावी, असे त्यांनी मनाशी धरले होते. त्यासाठी मोठी देणगी दिली ती सयाजीराव महाराजांनी. १९३९ साली महाराज निवर्तले. १९४१ साली ग्रंथालय नव्या वास्तूत गेले. सयाजीराव गायकवाड यांचे नाव ते ग्रंथालय आज मिरवीत आहे.

याच ग्रंथालयात १९४५ ते १९४७ या काळात शियाळी रामामृत रंगनाथन हे ग्रंथपाल होते. सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी तेथे जवळजवळ एकट्याने पार पाडले, असे सांगतात. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ सालीच मांडले होते. त्यांतील आशय असा, की पुस्तक हे ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते; आणि जसा प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावयास हवा, तसा प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक मिळावयास हवा. ग्रंथपालाची शिफारस ही केवळ सौजन्याची बाब नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे, हे या विचाराचे सार. या कसोटीवर चित्रपटाची गोष्ट घासून पाहिली म्हणजे तिच्यातील करुण भाग ध्यानात येतो. प्रत्येक चित्रपटाला त्याचा प्रेक्षक मिळावा हे खरे. पण त्यासाठी चित्रपट शिल्लक तर उरला पाहिजे!

तो उरला नाही, याला कारणे होती. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती विलक्षण ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि न पेटली तरी उष्ण, दमट हवेत कुजत जाते. शिवाय तिच्या थरात चांदी असते. चित्रपटाचे खेळ संपले, की जुन्या प्रती चांदी काढून घेण्यासाठी विकल्या जात. ग्रंथाच्या हजार प्रती निघतात आणि त्या हजार घरी जातात. चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघत, आणि त्या सर्व एकाच व्यापाऱ्याच्या गुदामात असत. गुदाम जळाले की कृती संपली. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण रूपात हाती राहिले ते अगदी मोजके.

कायद्यानेही येथे हात आखडता घेतला. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली ग्रंथप्रदानाचा कायदा झाला. प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावी, असे त्याने ठरविले. मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना त्यात मान मिळाला. चित्रपट या कायद्याच्या कक्षेत नव्हता. चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वी तो तपासणारी यंत्रणा १९१८ च्या कायद्यापासून चालत आली होती. परंतु लोकांनी तो पाहिल्यानंतर त्याचे काय व्हावे, याची विवंचना तिला नव्हती. जन्माची नोंद काटेकोर आणि पुढच्या आयुष्याची काळजी कोणालाच नाही, असा हा प्रकार झाला.

ही उणीव दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. परमेश कृष्णन नायर हे १९६५ साली तेथे आले आणि १९९१ साली संचालक म्हणून निवृत्त झाले. या अवधीत बारा हजारांच्या आसपास चित्रपट त्यांनी गोळा केले. त्यासाठी त्यांनी गुदामे धुंडाळली, निर्मात्यांच्या घरांचे उंबरे झिजविले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन 'कालियामर्दन'ची रिळे त्यांनी मिळविली, आणि १९१९ सालचा तो चित्रपट आज बराचसा पाहावयास मिळतो, तो त्यामुळेच.

नायर यांचे दुसरे कार्य मात्र तितकेच महत्त्वाचे असून त्याचा उल्लेख कमी होतो. ते चित्रपट देत असत. संग्रहालयाचा एक वितरण विभाग होता. फिल्म सोसायट्यांना आणि शिक्षणसंस्थांना तो चित्रपटाचे डबे पाठवी. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे एक खेडे आहे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निनासम संस्थेने १९७० च्या दशकात सुपारीच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्यांना 'राशोमॉन' आणि 'बायसिकल थीव्ह्ज' दाखविले, आणि ते त्यांनी मन लावून पाहिले. बडोद्याच्या गावोगावच्या खेळांचा वारसा असा साठ वर्षांनी एका कानडी खेड्यात प्रकट झाला.

तरीही अग्नीने आपला वाटा घेतलाच. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात चित्रपट संस्थेच्या आवारातील कोठारास आग लागून संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मा भस्मसात झाल्या. २०२२ साली संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. जुन्या चित्रपटांचे अंकीय रूपांतर आणि पुनरुज्जीवन यांचे काम चालू आहे. जे जळले, ते मात्र परत येणार नाही.

आता आरंभीच्या वाचकाकडे वळावयास हरकत नाही. काशीवरचे कोणते चित्रपट पाहावेत? रंगनाथनांच्या रीतीने विचार करणारा ग्रंथपाल त्याला पुढील शिफारस करील.

पहिला अर्थातच 'राजा हरिश्चंद्र', उरला आहे तेवढा. त्यात कलेची पूर्णता शोधू नये. एका माणसाने दादरच्या नेपथ्यात काशी कशी कल्पिली, ते पाहावे, आणि मधल्या दोन रिळांची रिकामी जागाही पाहावी.

दुसरा 'अयोध्येचा राजा'. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा हा बोलपट १९३२ सालचा, व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. एकोणीस वर्षांत काय पालटले, हे येथे स्पष्ट दिसते. काशीला वाचा फुटली. आणि तारामतीची भूमिका एका सुशिक्षित घरच्या स्त्रीने केली.

तिसरा सत्यजित राय यांचा 'अपराजितो', १९५६ सालचा. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंहाचा सर्वोच्च मान मिळाला. यातील घाट खरे आहेत. पोथी वाचून पोट भरणारा हरिहर, गंगाजळासाठी धावणारा अपू, आणि बापाच्या अखेरच्या क्षणी आकाशात उडणारे पारव्यांचे थवे! चित्रपटाची कथा १९२० च्या सुमारास सुरू होते. म्हणजे फाळके ज्या काशीत नाटक लिहीत बसले होते, तीच ही काशी. या चित्रपटाचीही अग्नीशी गाठ पडली. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत त्याची मूळ निगेटिव्ह आगीत सापडली. जळके, चिकटलेले, ठिसूळ झालेले ते अवशेष अमेरिकेतील एका संग्रहालयाने टाकून न देता जपून ठेवले. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी ते एकेक चौकट करून सोडविले, आणि २०१५ साली अपूची तिन्ही चित्रे जगापुढे पुन्हा आली.

चौथे 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस'. 'आनंदवन' हे काशीचे जुने नाव. त्याचेच हे इंग्रजी रूप. रॉबर्ट गार्डनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा हा अनुबोधपट निवेदनाविना आहे. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतची काशी तो फक्त दाखवितो.

पाचवा 'मसान', २०१५ सालचा, नीरज घायवान यांचा. कान येथील महोत्सवात त्याला दोन पुरस्कार लाभले. त्याचा एक नायक डोम घराण्यातील तरुण आहे. तो अभियांत्रिकी शिकतो, प्रेम करतो, आणि एके रात्री प्रेते जाळीत असताना त्याच्यापुढे त्याच्या प्रेयसीचे शव येते. १९१३ साली पडद्यावरचा राजा डोमाचा चाकर झाला होता आणि त्या कथेत डोम हा राजाच्या अधःपाताची खूण म्हणून आला होता. एकशे दोन वर्षांनी त्याच स्मशानात डोमाचा मुलगा स्वतःच्या दुःखाचा आणि स्वतःच्या भवितव्याचा धनी म्हणून उभा राहतो. हे अंतर एका चित्रपटात दिसत नाही. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून पाहिले, तरच ते दिसते.

आणि संग्रहाचे प्रयोजन नेमके येथे आहे. नवा चित्रपट बाजार दाखवितोच. दोन चित्रपट शंभर वर्षांच्या अंतराने शेजारी ठेवण्याचे काम बाजार करीत नाही, ते ग्रंथालयच करू शकते. त्यासाठी जपणूक हवी, तशीच शिफारसही हवी. जपणुकीवाचून शिफारस पोकळ राहते आणि शिफारशीवाचून जपणूक म्हणजे कुलूपबंद कोठार. बडोद्याने खेळ दाखविले, तेव्हा कथाचित्रे जपण्याची दृष्टी नव्हती. पुढे जपण्याची दृष्टी आली, तोवर पुष्कळसे जळून गेले होते. जिल्ह्याजिल्ह्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी चित्रपटांचे कपाट असावे, आणि कोणते चित्र कोणाला द्यावे हे जाणणारा ग्रंथपाल त्यापाशी बसलेला असावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे. एका संस्थानिकाने ती विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या परीने पुरी केली होती.

काशीच्या घाटावर अग्नीला जे दिले जाते, ते परत मागावयाचे नसते. चित्रपटांच्या बाबतीत मात्र आपण न देताच अग्नीने पुष्कळ घेतले आहे. उरलेले त्याच्या हाती पडू न देणे, आणि ते मागणाऱ्या वाचकाच्या हाती देणे, एवढेच ग्रंथपालाच्या आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या समाजाच्या स्वाधीन आहे.